कठड्यातला दगड

१

मंत्री उभे राहिले, त्यांनी कागद चाळले आणि आमदार सुनीती ढमाले यांनी अजून न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

भुकूमला आपल्या फ्लॅटमध्ये मटार सोलत सभागृहाचं थेट प्रक्षेपण बघणाऱ्या प्रियदर्शिनी ओव्हाळ यांचा हात शेंगेवरच थांबला. निवृत्त होईपर्यंत त्या विधानमंडळात प्रतिवेदक होत्या. सभागृहात जो जे बोलेल ते शब्दन् शब्द लघुलिपीत टिपून घ्यायचं, हे त्यांचं काम. बोलणारा कुठं अडखळला, कुठं सावरला आणि कुठलं वाक्य त्याच्या तोंडात दुसऱ्यानं घातलंय, हे त्यांना नुसत्या कानानं कळायचं. हे वाक्य दुसऱ्याचं होतं.

प्रश्न मुळशीतला होता. रिहे खोऱ्यात फार्महाऊसचे प्लॉट पाडताना वाघओढा नावाचा ओढा वरच्या अंगाला मुरूम टाकून बुजवला होता. ओढ्याच्या पोटातला बारमाही झराही त्याखाली गाडला गेला आणि खालच्या बौद्धवस्तीची विहीर आटली. सुनीतीनं तारांकित प्रश्न टाकला : हे खरे आहे काय? छापील उत्तर आलं : असा ओढा शासकीय नकाशात आढळून येत नाही.

आता उपप्रश्नांची वेळ होती. सुनीतीनं जेमतेम एवढंच विचारलं होतं, "अध्यक्ष महोदय, ओढा नाही हे मंत्रिमहोदयांनी कशावरून ठरवलं?"

"अध्यक्ष महोदय," मंत्री म्हणाले, "सन्माननीय सदस्या आता सांगतील, की तिथल्या पुलावर सन एकोणीसशे त्र्याहत्तरची कोनशिला आहे आणि तिच्यावर ओढ्याचं नाव कोरलेलं आहे. आमचे अभियंते काल समक्ष जाऊन आले. त्या पुलावर अशी कोणतीही कोनशिला नाही."

सुनीतीनं हातातला फोटो अर्धवट वर केला. "माझ्याकडे फोटो आहे..."

"फोटो हल्ली मोबाईलवर हवा तसा बनवून मिळतो, ताई."

सभागृह हसलं. सुनीती खाली बसली. अध्यक्षांनी पुढचा प्रश्न पुकारला.

संध्याकाळी प्रियदर्शिनीबाईंचा फोन वाजला. नव्या आमदारांना प्रश्न कसे विचारावेत हे शिकवायला बाईंना एकदा बोलावलं होतं, तेव्हापासून सुनीती त्यांना अडीअडचणीला फोन करी. आज तिचा आवाज बसला होता.

"बाई, माझ्या स्वयंपाकघरातून कुणीतरी फुटलंय," ती म्हणाली. "आणि मी आत्ता रिह्यावरूनच बोलतेय. दगड खरंच जागेवर नाही."

२

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनीती भुकूमला आली. गाडी आणि पोलीस तिनं खालीच ठेवले होते. आमदार होण्याआधी ती मालेच्या शाळेत शिक्षिका होती आणि रागावली की अजूनही वर्गात उभी असल्यासारखी बोले.

"रविवारी आमच्या मालेच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो होतो आम्ही. मी, आमचे हे, माऊली आणि सायली. बाकी कुणी नाही."

'हे' म्हणजे शेखर, तिचा नवरा. माऊली शेडगे हा तिचा स्वीय सहायक. आधीच्या आमदारांकडेही तोच होता. आणि सायली ही भुकूमची, वकिली शिकलेली मुलगी. गेल्या वर्षापासून ती सुनीतीचे प्रश्न तयार करत होती.

"दगड सायलीनं शोधला?"

"सायलीनंच. वस्तीतल्या आक्काबाईंनी तिला सांगितलं. मग तिनं मला एकटीला नेऊन दाखवला. त्यावर कोरलंय, 'वाघओढा, दुष्काळी काम, १९७३'. म्हणजे सरकारनं स्वतःच त्याला ओढा म्हटलंय. नकाशा काहीही सांगू दे."

"आणि रविवारी?"

"सायलीनं मोबाईलवर फोटो दाखवला. जवळून काढलेला, नुसती अक्षरं. दगड कुठं बसवलाय वगैरे काही बोलणं झालं नाही. मी फक्त म्हटलं, ओढ्यावर सरकारी कामाचा दगड आहे, मी त्याच्यावर मंत्र्यांना धरणार."

बाईंनी चहा पुढं केला. सुनीतीनं कपाला हात लावला नाही.

"मला वाटतं, सायलीच असणार," ती म्हणाली.

"का? तिचाच तर प्रश्न होता."

"तेच ना. तिचाच प्रश्न!" सुनीतीचा आवाज चढला. "परवा पेपरात काय छापून आलं वाचलंत? 'आमदारांच्या अभ्यासू प्रश्नांमागे भुकूमची तरुणी.' मी तापात प्रचाराला फिरलेय, बाई. पायाला फोड येईस्तोवर. आणि अभ्यासू कोण, तर ती. तिला माहीत असणार, की मी सभागृहात तोंडावर आपटले तर लोक म्हणतील, बाईला पोरीनं दिलेलं वाचतासुद्धा येईना."

 इतकी वर्षं दुसऱ्यांची भाषणं टिपताना बाईंच्या स्वतःच्या तोंडचं एक वाक्यही त्या सभागृहाच्या नोंदीत गेलं नव्हतं. आपल्या कामावर दुसऱ्याचं नाव लागलं की मनात काय होतं, आणि दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव लागलं की काय होतं, हे दोन्ही त्यांना ठाऊक होतं.

"सायलीला उद्या काढून टाकते मी," सुनीती म्हणाली.

"उद्या नको. आधी मला तो दगड कुठं होता ते बघू दे. तिलाच घेऊन जाते."

३

रिह्याच्या रस्त्यावरून गाड्या भरधाव जात होत्या. ओढ्यावरची मोरी इतकी लहान, की तिच्यावरून गेलेलं गाडीतल्या माणसाला कळूसुद्धा नये. दोन्हीकडं हातभर उंचीचे दगडी कठडे, खाली कोरडा ओढा, वर लांबवर मुरमाचा लाल ढीग आणि त्यावर रोवलेले प्लॉटचे खांब.

"पूल तो हाच?" बाईंनी विचारलं.

"पूल कसला, मोरी आहे ही," सायली म्हणाली. रात्रभर रडून तिचे डोळे सुजले होते. "आणि दगड असा वरून दिसत नाही. कठड्याच्या बाहेरच्या अंगाला, ओढ्याकडं तोंड करून बसवला होता. खाली उतरावं लागतं. या, जपून."

घाणेरीच्या झुडपांतून त्या खाली उतरल्या. कठड्यात एक चौकोनी भगदाड होतं. बाईंनी चष्मा लावून नीट पाहिलं. भोवतीचा चुना छिन्नीनं हळूहळू, पद्धतशीर काढलेला होता. खालच्या डाव्या कोपऱ्यात काळ्या दगडाचा एक कपचा चुन्यात तसाच अडकून राहिला होता. दगड काढताना त्याचा तेवढा टवका उडाला असावा.

"हातोडा मारून फोडला असता तर तुकडे इथंच पडले असते," बाई म्हणाल्या. "ज्यानं नेला, त्याला तो आख्खा हवा होता."

मग त्यांनी भगदाडासमोरची तोडलेली घाणेरी उचलली. पानं हातात चुरली गेली. पार वाळली होती.

"अभियंते कधी आले होते?"

"गुरुवारी, प्रश्नाच्या आदल्या दिवशी."

"म्हणजे ही झाडं त्यांच्या बऱ्याच आधी तोडलीयेत. ते आले तेव्हा भगदाड तयारच होतं."

वस्तीत आक्काबाई ओट्यावर बसल्या होत्या. शेजारी टँकरच्या पाण्याची पिंपं होती. सायलीला बघून त्यांनी तिला जवळ ओढलं. "पोरी, तोंड का गं असं उतारलंय?"

"आजी, दगड गेला आपला."

"ग्येला?" आक्काबाईंना नवल वाटलं. "ग्येला कसा? तुमीच न्हेला न्हवं? सोमवारी दुपारच्याला दोन बिहारी मजूर आलते. मी इचारलं, का रं दगड काढताय? त्यो म्हनला, मॅडम के घर ले जाना हाय. म्या म्हनलं, मॅडमचं काम हाय तर चांगलंच हाय. चा बी पाजला त्येंला."

वस्तीत सुनीतीला सगळे 'ताई' म्हणत. 'मॅडम' म्हणत ते फक्त सायलीला.

सायलीचा चेहरा पांढरा पडला. "मी नाही," ती पुटपुटली. "बाई, आईशपथ, मी कुणालाही पाठवलं नाही."

४

सुनीतीच्या पौडच्या संपर्क कार्यालयात गर्दी होती. रेशनकार्ड, दाखले, बदल्या. माऊली शेडगे सगळ्यांना एकाच वेळी उत्तरं देत होता. प्रियदर्शिनीबाईंना बघून त्यानं खुर्ची पुसली.

"माझ्यावर संशय आलाय वाटतं ताईंना?" तो हसून म्हणाला. हसणं ओठांपुरतंच होतं.

"सगळ्यांवरच आहे. तुम्ही प्रश्न लिहायचात ना आधी?"

"पंधरा वर्षं! 'हे खरे आहे काय. असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली.' झोपेत लिहीन. आधीचे साहेब डोळे मिटून सही करायचे. सायली मॅडम आल्या आणि माझे प्रश्न जुनाट झाले. मी लिहिलेला कागद त्यांच्याकडं जातो, लाल होऊन परत येतो. ताई म्हणतात, माऊली, शिक जरा तिच्याकडून." त्यानं टेबलावरचे शिक्के विनाकारण सरळ केले. "माझी मुलगी आहे तिच्या वयाची."

"दगडाचं तुम्हाला काय वाटतं? खरा होता?"

"फोटो तर बघितला होता. पण बाई, त्या पुलावरची कोनशिला कुणी समक्ष जाऊन तपासायला नको होती का? मी असतो तर तहसीलचा माणूस नेऊन पंचनामा केला असता. मॅडमना घाई. फोटो काढला की झालं!"

"तुम्ही गेला नव्हता बघायला?"

"मला कुणी विचारलं तर जाणार ना!"

हे मात्र खरं बोलत होता तो. बाईंना कानानं कळलं.

त्या उठल्या. दारात पोचल्यावर त्यानं मागून विचारलं, "सायली मॅडमना काढताहेत का ताई?"

त्या प्रश्नात काळजी नव्हती. भूक होती.

५

मालेला ढमाल्यांच्या घरामागं भाड्यानं द्यायच्या खोल्यांचं बांधकाम चाललं होतं. शेखर ढमाले वाळूच्या ढिगाशेजारी खुर्ची टाकून बसला होता. धिप्पाड, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. काम बंद होतं, मजूर जेवायला गेले होते.

"या या," तो म्हणाला. "आमदारीणबाई न्हाईत घरी. मी हाय. मी असतोयच."

बाई बसल्या. शेखरला फारसं विचारावं लागलं नाही.

"जिल्हा परिषदेला मी उभा हुतो. माझ्या नावाची हवा हुती सगळ्या मुळशीत. पडलो, थोडक्यात पडलो. मग पक्षानं इचारलं, घरात शिकलेलं कोन हाय? म्हनलं, बायको हाय. झालं. आता कार्यक्रमात मला दुसऱ्या रांगंत बसवत्यात. परवाचा फोटो बघितला का पेपरात? हिचा हाय, त्या सायलीचा हाय. माझं नुसतं कोपर आलंय!" त्यानं कोपर वर करून दाखवलं आणि स्वतःच मोठ्यानं हसला. बाई हसल्या नाहीत.

"सभागृहात जे झालं, ते वाईट झालं," त्या म्हणाल्या.

शेखरचं हसू विझलं. "लई वाईट झालं. रात्री जेवली न्हाई ती. मला सुदिक घास ग्येला न्हाई."

"तुम्ही दगड पाहिला होता?"

"मी कशाला जातोय तिकडं? फोटो बघितला तेवढाच."

"मंत्री म्हणतात, दगड नव्हताच कधी."

"असं कसं? व्हता की!" तो उसळला. "रस्त्यानं एवढी मानसं जात्यात, एकाला तरी दिसतोय का त्यो? घाणेरीत शिरून, ओढ्यात उतरून मान वर केली तवा कुटं दिसनार. त्या मंत्र्याचा इंजिनेर गाडीतनं तरी उतारला आसंल का?"

बाईंनी मान हलवली आणि त्या उठल्या. खोल्यांच्या भिंतीपाशी मजुरांची घमेली, थापी, छिन्न्या पडल्या होत्या. पलीकडं ताडपत्रीनं झाकलेला सिमेंटच्या पोत्यांचा ढीग होता.

"मजूर कुठले तुमचे?"

"बिहारचे. का ओ?"

"सहज," बाई म्हणाल्या. "सुनीतीला सांगा, मी संध्याकाळी येते. सायलीला आणि माऊलींना पण बोलवा."

६

सगळे स्वयंपाकघरातल्या त्याच टेबलाभोवती बसले. उन्हं अजून खिडकीत होती. सुनीती उभीच राहिली.

"आक्काबाईंचं मला कळलंय," ती म्हणाली. "मजूर म्हणाले, मॅडमच्या घरी न्यायचाय. सायली, आता तूच सांग."

"थांब," प्रियदर्शिनीबाई म्हणाल्या. "आपण सगळे एका माणसाला शोधतोय, म्हणून घोटाळा होतोय. दगड एकानं नेला. मंत्र्यांना दुसऱ्यानं सांगितलं."

सुनीती खुर्ची ओढून बसली.

"मंत्र्यांचे शब्द मला पाठ आहेत. ते म्हणाले, 'पुलावरची कोनशिला'. आता ज्यानं ती जागा पाहिलीय, तो तिला पूल म्हणणार नाही. हातभर कठड्याची मोरी आहे ती. आणि कोनशिला तर मुळीच म्हणणार नाही. कठड्यात, तेही ओढ्याच्या बाजूला बसवलेला साधा दगड तो. सायली त्याला दगड म्हणते. सुनीती दगड म्हणते. आक्काबाई दगड म्हणतात. कोनशिला कोण म्हणेल? ज्यानं फक्त जवळून काढलेला फोटो बघितलाय, आणि उद्घाटनं, भूमिपूजनं, पत्रिका यांत ज्याचा जन्म गेलाय, त्याला कोरलेला दगड दिसला की तो कोनशिलाच म्हणणार." त्यांनी माऊलीकडं पाहिलं. "मला तुम्ही काय म्हणालात, माऊली? 'त्या पुलावरची कोनशिला.'"

माऊलीनं टेबलावरचा पेला दूर सरकवला. मग तो सुनीतीकडं न बघता बोलू लागला.

"मंत्र्यांच्या कार्यालयात माझा एक जुना ओळखीचा आहे. मी त्याला नुसतं म्हटलं, असा असा विषय येणार आहे, तयारीत राहा. ताई, मला वाटलं, ते काहीतरी गोलमाल उत्तर देतील, प्रश्न फुसका निघेल. एकदा तरी हिचा प्रश्न पडू दे. मग तुम्ही परत मला विचारलं असतं, माऊली, काय करू या? कोनशिला जागेवर नाही हे मला माहीत नव्हतं. देवाशप्पथ. तुमची बेअब्रू व्हावी असं मनात नव्हतं माझ्या."

"मग मनात काय होतं?" सुनीतीनं विचारलं.

"ती," माऊली म्हणाला आणि त्यानं सायलीकडं मान केली. "दिवसरात्र तीच होती."

सायलीनं डोळे पुसले.

"आणि दगड?" सुनीती म्हणाली. "दगड कुणी नेला?"

"अभियंते येण्याच्या बऱ्याच आधी, सोमवारीच तो निघाला होता. तोडलेली घाणेरी वाळून गेलीय. आणि तो नाहीसा करावा म्हणून कुणी नेला नाही. छिन्नी हळू चालवलीय, दगड आख्खा राहावा म्हणून. मजुरांनी आक्काबाईंना खोटं सांगितलं नाही. आपल्या साहेबांच्या बायकोला ते मॅडमच म्हणणार. त्यांनी दगड खरोखरच मॅडमच्या घरी आणला." बाई सुनीतीकडं वळल्या. "तुझ्या घरी, सुनीती. शेखरराव मला म्हणाले, मी तिकडं गेलोच नाही. आणि पुढच्याच वाक्यात म्हणाले, ओढ्यात उतरून मान वर केल्याशिवाय तो दिसत नाही. हे या टेबलावर कुणी बोललं नव्हतं, फोटोतही नव्हतं."

शेखर उठला. सुनीतीला वाटलं, आता ओरडणार. पण तो मागच्या दारानं बाहेर गेला, बांधकामापाशी जाऊन त्यानं ताडपत्री ओढली आणि सिमेंटच्या पोत्यांमागून सुती चादरीत गुंडाळलेला दगड दोन्ही हातांनी उचलून आणला. टेबलावर ठेवताना भांडी खणखणली. 'वाघओढा, दुष्काळी काम, १९७३.' खालचा डावा कोपरा उडालेला होता.

"दोनदा ग्येलो, तवा घावला," शेखर खाली मान घालून म्हणाला. "तुझं भाषण झालं की पौडला पत्रकार बोलवनार हुतो. दगड समोर मांडनार हुतो. म्हननार हुतो, बिल्डरची मानसं त्यो फोडायला निगाली हुती, शेखर ढमालेनं वाचिवला. एकदा माझा फोटो आला आस्ता, सुनीती. कोपर न्हाई, आख्खा. मंत्री असं बोलंल हे काय सपान पडलं हुतं मला? टीव्हीवर तुझं तोंड बघितलं आन् मग माझी जीबच हालंना."

"रात्रभर माझ्या शेजारी झोपलात," सुनीती म्हणाली. "मी सायलीला शिव्या घालत होते. तुम्ही ऐकत होतात."

त्यानं दगडाखालची चादर सारखी केली.

सायलीनं दगडाला हात लावला. तिच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. "ताई, आता हा पुरावा नाही राहिला. जागेवरून काढलेला दगड कुठनंही आणलेला असू शकतो. ते म्हणतील, आम्हीच कोरून घेतला."

"कपचा," प्रियदर्शिनीबाई म्हणाल्या. "याचा उडालेला कोपरा अजून कठड्यात अडकलेला आहे, चुन्यासकट. अभियंत्यांना समोर उभं करून दगड त्यात बसवला तर तो बसेल. दुसरा कुठलाही बसणार नाही. पण तो काढला कुणी, हे आधी सांगावं लागेल. लपवलंत तर उद्या तेच तुमच्या अंगावर येईल."

"कुठं सांगायचं?" शेखरनं घाबरून विचारलं.

"सभागृहात. मंत्र्यांच्या उत्तरावर अर्धा तास चर्चा मागता येते."

"म्हंजी माझं नाव घेनार सभागृहात?"

सुनीतीनं नवऱ्याकडं पाहिलं.

"घेणार," ती म्हणाली. "नाव पाहिजे होतं ना तुम्हाला."

७

चर्चा अधिवेशनाच्या शेवटच्या आठवड्यात लागली. प्रियदर्शिनीबाई या वेळी प्रेक्षक गॅलरीत बसल्या होत्या, शेजारी सायली आणि हट्टानं आलेल्या आक्काबाई. सभागृह अर्धं रिकामं होतं.

सुनीतीनं काहीही लपवलं नाही. आपल्या सहायकानं विषय फोडला हे तिनं सांगितलं. माऊलीचा राजीनामा तिनं आधीच घेतला होता. मग ती म्हणाली, "अध्यक्ष महोदय, दगड जागेवर नव्हता, कारण तो माझे पती शेखर ढमाले यांनी काढून नेला होता. त्यांची चौकशी करा. माझीही करा. पण मंत्रिमहोदय, ओढा आमच्या घरातल्या भांडणाचा नाही. तो सरकारच्या दगडावर लिहिलेला आहे. त्या दगडाचा कोपरा आजही मोरीच्या कठड्यात अडकलाय. आपला अभियंता पाठवा आणि दगड बसतो का ते बघा. बसला, तर आमच्या वस्तीचं पाणी परत द्या."

अध्यक्षांनी मधेच सूचना केली, की सभागृहात नसलेल्या व्यक्तीचं नाव कामकाजातून वगळावं. प्रतिवेदकानं मान हलवली. नोंदीत एवढंच राहिलं : सन्माननीय सदस्यांचे पती.

मंत्र्यांनी हातातले कागद बाजूला ठेवले. मग त्यांनी संयुक्त पाहणीचं आश्वासन दिलं. या वेळचं वाक्य त्यांचं स्वतःचं होतं.

पाहणीच्या दिवशी शेखर स्वतः ओढ्यात उतरला, सगळ्यांसमोर त्यानं जबाब दिला आणि दगड उचलून भगदाडात सरकवला. कोपरा कपच्याला जाऊन मिळाला. फट दिसेना. अभियंत्यानं बोट फिरवून बघितलं आणि सही केली. पत्रकार आले होते, पण त्यांनी फोटो दगडाचा काढला.

मुरूम निघायला मे उजाडला. ढिगाच्या तळाशी ओल दिसली, मग चिखल, मग पाणी. वस्तीची विहीर हळूहळू भरू लागली. त्या आनंदात वस्तीनं विहिरीपाशी मांडव घातला आणि सगळ्यांना बोलावलं.

आधी सुनीती बोलली. टाळ्या पडल्या. मग आक्काबाई उठल्या आणि म्हणाल्या, "आता आमच्या मॅडम बोलत्याल." सायली नको नको म्हणत उभी राहिली. सुरुवातीला तिचा आवाज कापत होता, मग लागला. विहीर आटली तेव्हा वस्तीतल्या बायकांनी तिला काय काय सांगितलं होतं, तेवढंच तिनं सांगितलं. बायका रडल्या, हसल्या. टाळ्या थांबेनात. मागून कुणीतरी ओरडलं, "पुढच्या येळंला आमदार मॅडम!" आणि मांडव खदखदून हसला.

सुनीती टाळ्या वाजवत होती. तिचे हात सगळ्यांच्या आधी थांबले. शेजारी बसलेल्या प्रियदर्शिनीबाईंनी ते पाहिलं.

परतताना दोघी मागच्या सीटवर बसल्या. शेखर ड्रायव्हरशेजारी होता. घोटवडे मागं पडलं तरी त्यानं मान वळवली नव्हती. दगड टेबलावर आला त्या संध्याकाळनंतर नवराबायको एकमेकांशी कामापुरतंच बोलत, पण गाडीत तो आता न बोलावता येऊन बसू लागला होता आणि सुनीती त्याला उतर म्हणत नव्हती.

"बाई," सुनीती हळू आवाजात म्हणाली, "खरं सांगा. ती माझ्यापेक्षा चांगली बोलते का?"

"हो," प्रियदर्शिनीबाई म्हणाल्या.

सुनीतीनं खिडकीबाहेर तोंड फिरवलं.  रस्त्याच्या कडेनं नव्या सोसायट्यांच्या जाहिराती मागं मागं जात राहिल्या. मग ती बाईंकडं वळली.

"वाक्याच्या शेवटी आवाज पाडते ती. मांडवात चालतं, सभागृहात चालत नाही. शेवटचा शब्दच माईकपर्यंत पोचत नाही. माझंही सुरुवातीला तसंच व्हायचं."

"मग सांग ना तिला."

"सांगेन," सुनीती म्हणाली. तिनं डोळे मिटून मान मागं टेकवली. "आज नाही जमणार बाई. पण सांगेन."